जुन्या दौतीतील शाई पेनात भरण्यापूर्वी

चोपडा, अमळनेर, पाचोरा अशा गावांतील जुन्या अडत पेढ्या किंवा घरांतली फडताळे आवरताना शाईच्या अर्ध्या भरलेल्या, क्वचित झाकणही न उघडलेल्या बाटल्या हाती लागतात आणि ती शाई फाउंटन पेनात चालेल का, असा प्रश्न पडतो. शाईचे वय हा त्याचा निकष नव्हे. पेनाची साधी शाई म्हणजे मुख्यतः पाण्यात विरघळलेला रंग आणि बुरशीला रोखणारे थोडे औषध. बाटली घट्ट बंद आणि अंधारात राहिली असेल, तर अनेक दशकांनंतरही ती उत्तम लिहू शकते.

प्रथम लेबल वाचावे. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई किंवा शिक्क्याची शाई अगदी नवी असली तरी पेनात भरू नये, कारण ती वाळली की निबेखालच्या जिभेतील बारीक खाचा बुजतात आणि पुन्हा मोकळ्या होणे कठीण असते. लेबलच नसेल, तर ती पावडर किंवा गोळी पाण्यात विरघळवून घरी केलेली असू शकते. तशी पद्धत पूर्वी सर्रास होती. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेला, पुढे कॅमलिन म्हणून ओळखला गेलेला उद्योगही ‘हॉर्स ब्रँड’ शाईच्या पावडरी व गोळ्यांपासूनच उभा राहिला. अशी अनोळखी शाई टाकाने, म्हणजे दौतीत बुडवून लिहायच्या लेखणीने, लिहिण्यापुरती ठेवावी.

यानंतर बाटली न हलवता उजेडासमोर धरावी. पृष्ठभागावर साय, कडेला तंतू किंवा आत कापसासारखे पुंजके दिसले, तर ती बुरशी होय. वासाच्या बाबतीत मात्र अनेकांची गल्लत होते. जुन्या शाईला कार्बोलिक साबणासारखा उग्र वास येत असेल, तर तो बहुधा त्यातील बुरशीनाशक फिनॉलचा असतो आणि घाबरण्याचे कारण नसते. ओल्या भिंतीसारखा कुबट वास आला, तरच सावध व्हावे. बुरशी लागलेली शाई गाळून किंवा उकळून पेनात वापरण्याचा खटाटोप करू नये. बुरशीचे बीजाणू एका पेनातून दुसऱ्या दौतीत सहज जातात, म्हणून ती बाटली झाकणासकट टाकून द्यावी.

निळ्या-काळ्या शाईचा विचार वेगळा करावा लागतो. तिच्या अनेक जुन्या प्रकारांत लोहक्षार असतात आणि हवा लागत गेली की त्यांचा न विरघळणारा गाळ तळाशी बसतो. हा गाळ म्हणजे शाईचाच एक भाग असल्याने तो ढवळून उपयोग नाही आणि गाळून उरलेली शाई फिकी पडते. अशी बाटली शोभेला ठेवावी.

खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे झाकण जरा सैल असले तरी शाई आटून घट्ट होते, आणि माझ्या मते आपल्याकडे हीच अडचण अधिक. रंग टिकून पाणी तेवढे उडालेले असल्याने ती दुरुस्तही होते. कागदावर ओढलेली रेघ गडद, चकाकणारी आणि वाळायला वेळ घेणारी असेल, तर थोडे थोडे डिस्टिल्ड वॉटर घालून प्रत्येक वेळी रेघ ओढून पाहावी. बोअरचे जड पाणी घालू नये. दुसऱ्या बाटलीतील शाई तर मुळीच मिसळू नये, कारण एक आम्लधर्मी आणि दुसरी अल्कधर्मी असल्यास गाळ धरू शकतो.

एवढे करूनही पहिली परीक्षा आजोबांच्या पेनात घेऊ नये. एखादे स्वस्त, पारदर्शक, ड्रॉपरने भरायचे पेन थोडेसे भरून आठवडाभर रोज लिहावे. प्रवाह मंदावला किंवा आत कण दिसले, तर शाई बाद समजून पेन साध्या पाण्याने स्वच्छ होईपर्यंत धुवावे. गरम पाणी वापरू नये, त्याने एबोनाइटचा, म्हणजे पेनासाठी वापरल्या जाणाऱ्या कडक रबराचा, रंग बिघडतो. शाई या परीक्षेला उतरली, तरी दौतीत थेट पेन बुडवण्याऐवजी स्वच्छ ड्रॉपरने लागेल तेवढीच शाई छोट्या कुपीत काढून घ्यावी आणि मूळ बाटली घट्ट लावून कपाटात, खिडकीपासून दूर ठेवावी.