मंगळावर राहायला जायची तालीम, सुट्टीत आणि घरातच

उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना कामाला काय लावायचं हा प्रश्न इंदूरमध्येही दरवर्षी येतोच, आमच्या कॉलनीतल्या मराठी मंडळींनी त्यावर मंगळ काढलाय. चार जणांचं कुटुंब तिकडे कायमचं राहायला गेलंय असं धरायचं आणि आठवडाभर घरातली एक खोली म्हणजे ती वस्ती. पहिल्या दिवशी रॉकेटचं मॉडेल, थर्माकोल वगैरे काही देऊ नका, पोरं त्यातच रमतात आणि राहायचं कसं हे राहूनच जातं. जाड वही, किचनचा वजनकाटा आणि मापं असलेली बादली, एवढं पुरतं, कारण सगळं काम हिशेबाचं आहे.

आधी जागा ठरवा. नुसतं "मंगळावर" म्हणून भागत नाही, विषुववृत्ताजवळ ऊन बरं मिळतं पण जमिनीखाली हाताशी लागेल असा बर्फ जरा उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकल्यावर सापडतो, आणि तिकडे थंडी जास्त (अख्ख्या ग्रहाचं सरासरी तापमानच उणे ६० च्या आसपास आहे). नासाचा मार्स ट्रेक नावाचा नकाशा ऑनलाइन फुकट बघता येतो, त्यावर पोरांना भांडू द्या, फक्त निवडलेल्या जागेचं कारण वहीत लिहायला लावा. घर म्हणून कोणी काचेचा घुमट काढला तर परत काढायला सांगा. क्युरिऑसिटी रोव्हरने (नासाची तिथे फिरणारी गाडी) मोजलेलं रेडिएशन दिवसाला साधारण ०.६७ मिलिसिव्हर्ट आहे, पृथ्वीवरच्यापेक्षा कितीतरी जास्त, तेव्हा छतावर दोन-तीन मीटर माती तरी पाहिजेच.

दुसरी गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: २६ महिने. पृथ्वी आणि मंगळ निघायला सोयीचे असे साधारण तेवढ्या काळाने एकदा येतात, म्हणून सामानाची गाडीही तेव्हाच सुटणार, आणि सुटल्यावरही पोचायला सहा-नऊ महिने, कधी जास्तही लागणार. आपलं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं होतं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला पोचलं. म्हणजे जे नेलं त्यात ७८० दिवस काढायचे, मीठ संपलं म्हणून शेजारी वाटी पाठवायची सोय नाही.

आता पाणी, आणि इथे घाई करू नका. इंदूरकरांना हे शिकवावं लागत नाही खरं तर, नर्मदेचं पाणी जलूद गावाहून सत्तरेक किलोमीटर पंपाने चढवून आणलेलं, नळ एक दिवसाआड, त्यामुळे टंकीत किती उरलंय हे घरातल्या लहान पोरालाही माहीत असतं. अवकाश स्थानकावर माणशी रोज साधारण पावणेचार लिटर पाणी धरतात, पिणं, जेवण, धुणं-पुसणं सगळं मिळून. आपण चारच धरू, चौघांचे १६ लिटर. २० लिटरचा कॅन घ्या, १६ वर खूण करा आणि एक दिवस त्यात काढून दाखवा (संडासचं यात धरू नका, आणि उन्हाळा आहे, पिण्याच्या पाण्यावर बंधन अजिबात नको, कपात करायची ती धुण्यात). संध्याकाळी खरी गंमत. स्थानकावर २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवून दाखवलं, त्यात घाम आणि लघवीही आली, पोरं इथे ईऽऽ करणारच, करू द्या. ९८ टक्के परत आलं तर रोज ३२० मिलिलिटर जातं, ७८० दिवसांत साधारण २५० लिटर. तेच ९० टक्के परत आलं तर सव्वा हजार लिटरच्या जवळपास, म्हणजे छतावरची हजारची टंकी भरून वर अजून. हे गणित पोरांनाच करू द्या, आठ टक्क्यांनी काय होतं ते त्यांचं त्यांनाच दिसतं.

हवेचा हिशेब मात्र फक्त कागदावर. खोलीला टेप-प्लास्टिक लावून बंद करायचा प्रयोग अजिबात करायचा नाही, खिडकी उघडीच ठेवायची. माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. पर्सिव्हरन्स रोव्हरवरच्या मॉक्सी नावाच्या यंत्राने मंगळाच्या हवेतूनच (त्यात ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे) ऑक्सिजन काढून दाखवला, २०२१ ते २०२३ मध्ये मिळून १२२ ग्रॅम. एका माणसाला साडेतीन तास पुरेल इतका. यंत्र छोटं होतं, चाचणीपुरतं होतं, हे मान्य, पण चौघांसाठी केवढं लागेल ते काढायला लावा. आणि झाडं लावू की, ऑक्सिजन मिळेल असं कोणी म्हटलं तर बायोस्फिअर २ ची गोष्ट सांगा: अमेरिकेत ॲरिझोनात १९९१ मध्ये आठ जण दोन वर्षांसाठी झाडं, शेती, छोटासा समुद्र सगळं घेऊन काचेच्या बंद इमारतीत राहिले, आणि ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास आला, शेवटी बाहेरून सोडावा लागला. खतावलेल्या मातीतले जिवाणू ऑक्सिजन खात होते आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळायच्या ऐवजी भिंतींचं काँक्रीट पीत होतं. असा घोळ आधी कोणाच्या डोक्यात येणार?

जेवणाचं थोडक्यात. माणशी रोज पॅकिंगसकट १.८ किलो धरा, चौघांचं ७८० दिवसांचं साडेपाच टनांच्या वर जातं. जोडीला ट्रेमध्ये कोकोपीट घालून मेथी पेरा, आठवडाभरात कोवळी कापता येते, वजन करा आणि तेवढ्यावर किती जणांचं पोट भरेल ते बघा (नाही भरत). तिथल्या मातीत थेट लावता येणार नाही, फिनिक्स यानाला २००८ मध्ये तिथे परक्लोरेट नावाचा क्षार सापडलाय, थायरॉईडला वाईट.

कचरा आपल्याकडे सहा प्रकारांत वेगळा करायची सवय आहेच, पण सकाळी गाणं वाजवत पिवळी गाडी येणार नाही असं समजा. ओला सोडून बाकी आठवडाभर साठवा, वजन करा, आणि प्रत्येक वस्तूसमोर ती परत कशाला वापरणार ते लिहा. चिप्सच्या पाकिटापाशी सगळे अडकतात.

मग निरोपाचा खेळ. मंगळापर्यंत सिग्नल जायला ३ ते २२ मिनिटं लागतात, अंतर कमीजास्त होतं त्याप्रमाणे. एक जण छतावर पृथ्वी, बाकी खोलीत, वॉट्सॲप मेसेज आला तरी २० मिनिटं उघडायचा नाही, उत्तरही तसंच. "मिक्सर बंद पडला, काय करू" याचं उत्तर यायला ४० मिनिटं. दोन दिवसांत पोरं आपोआप लांब, नीट, सगळी माहिती एकदम देणारे मेसेज लिहायला लागतात, शाळेतल्या निबंधात हे कधी जमत नाही. दर दोन वर्षांनी सूर्य मध्ये येतो तेव्हा साधारण दोन आठवडे कमांड पाठवणंच थांबवतात, म्हणून एक अख्खा दिवस मेसेज बंद ठेवून बघा.

एक संध्याकाळ वादळाची ठेवा, एका इमर्जन्सी लाइटवर. २०१८ च्या धुळीच्या वादळात सोलरवर चालणारा ऑपॉर्च्युनिटी रोव्हर गप्प झाला तो कायमचाच.

भांडणं होणारच, ती वहीत नोंदवा, लपवू नका. नासाने ह्यूस्टनमध्ये मंगळाच्या तालमीसाठीच चार जणांना ३७८ दिवस १७०० चौरस फुटांच्या घरात ठेवलं होतं, म्हणजे आपल्याकडचा ऐसपैस थ्री बीएचके, पण गॅलरीत उभं राहायची सोय नाही, जुलै २०२४ मध्ये बाहेर आले. तेव्हा कोण ठरवणार, कोणाचं ऐकायचं, एकट्याने बसायचा कोपरा कोणता, हे पहिल्याच दिवशी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, आजीचीही.

मोठी माणसं एव्हाना विचारायला लागतात की तिथे प्लॉटचा भाव काय (सुपर कॉरिडॉरच्या रस्त्याकडेला प्लॉट पाडून कॉलन्या कटताना बघितलेलं गाव आहे हे). १९६७ च्या अवकाश कराराप्रमाणे कुठल्याही देशाला चंद्र-मंगळावर मालकी सांगता येत नाही, भारतही त्यात आहे, तेव्हा मंगळावरच्या जमिनीचं सर्टिफिकेट कोणी ऑनलाइन विकत असेल तर पैसे देऊ नका. फारच हौस असेल तर पोरांकडून एक बनवून घ्या, आमच्याकडे त्यावर स्टॅम्पसुद्धा बटाट्याचा मारून मिळतो.