टी-सेलची पोलॅरिटी आणि एचटीएलव्ही-१: प्रयोगात या चुका टाळा

एचटीएलव्ही-१ हा माणसाच्या टी-सेलला (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशीला) लागणारा व्हायरस. त्याचं टॅक्स प्रोटीन टी-सेलमधल्या डीएलजी१ ला (पेशीची पोलॅरिटी, म्हणजे पुढची-मागची बाजू, ठरवायला मदत करणाऱ्या प्रोटीनला) धरतं का एवढंच बघायचं होतं, आणि तीन आठवडे ब्लॉट (प्रोटीन दाखवणारी पट्टी) कोरा. अँटिबॉडी बदलली, बफर बदललं, मग शेवटी प्लास्मिडचा (जीन पेशीत नेणाऱ्या डीएनएच्या कड्याचा) नकाशा नीट उघडला तर जीएफपी (चमकणारं टॅग प्रोटीन) टॅक्सच्या शेपटीलाच जोडलेलं! टॅक्स ३५३ अमिनो आम्लांचं, पण डीएलजी१ आणि स्क्रिबल (तसंच पोलॅरिटीचं प्रोटीन) यांना धरायला कामी येतात ती शेवटची चार, ई-टी-ई-व्ही. या दोघांतल्या पीडीझेड डोमेनच्या (दुसऱ्या प्रोटीनची शेपूट पकडणाऱ्या भागाच्या) खाचेत त्या शेपटीचं मोकळं टोक बसतं, पुढे काही चिकटवलं की ते बसतच नाही. त्यामुळे टॅग कायम एन-टर्मिनलला (प्रोटीनच्या सुरुवातीच्या टोकाला) लावा.

कंट्रोलला लोक एचटीएलव्ही-२ या जवळच्या व्हायरसचं टॅक्स घेतात कारण त्याला ही शेपूट नाही. चांगलंच आहे, पण दोघांत बाकीचे फरकही आहेत, म्हणून शेवटची चार कापलेलं टॅक्स-१ पण सोबत हवंच.

दुसरं म्हणजे नुसतं सुपरनेटंट (इन्फेक्टेड पेशींवरचं द्रव) टाकून "इन्फेक्शन होत नाही" म्हणत बसू नका. हा व्हायरस मोकळा फार कमी पसरतो, पेशीला पेशी चिकटूनच जातो, तेव्हा को-कल्चर करा (इन्फेक्टेड आणि निरोगी पेशी एकत्र ठेवा) आणि फिक्स करण्याआधी जोरात पिपेटिंग करू नका, जोड्या तुटतात.

मायक्रोस्कोपखाली सगळ्यात जास्त घोळ होतो. २००३ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या चार्ल्स बँगहॅम यांच्या ग्रुपने दाखवलं की इन्फेक्टेड पेशीचं एमटीओसी (पेशीच्या आतल्या मायक्रोट्यूब्यूल नळ्या जिथून निघतात ते केंद्र) शेजारच्या पेशीकडे वळतं. दिसायला अगदी इम्यून सिनॅप्ससारखं (टी-सेल दुसऱ्या पेशीवरचं अँटिजेन तपासते तेव्हाच्या जोडासारखं), पण तिथे टी-सेल रिसेप्टर अँटिजेन ओळखतो म्हणून वळतं आणि इथे आयकॅम-१ (पेशीच्या पृष्ठभागावरचं चिकटण्याचं प्रोटीन) चा स्पर्श आणि टॅक्स मिळून वळवतात, दोन्ही एकच समजून लिहू नका. आणि टॅक्स डीएलजी१ ला धरतं म्हणून एमटीओसी त्यामुळेच वळतं असंही परस्पर ठरवू नका, ते वेगळं तपासायचं.

कोणती पेशी इन्फेक्टेड हे गॅगच्या (व्हायरसच्या कवचाच्या प्रोटीनच्या) स्टेनने पक्कं करा, अंदाजाने नाही. एका प्लेनवर विसंबू नका, झेड-स्टॅक (वरपासून खालपर्यंत थराथराने फोटो) घ्या, कारण वरून बघताना एमटीओसी जोडाजवळ वाटतं आणि असतं भलतीकडेच. चालत्या टी-सेलला मागे यूरोपॉड (शेपटीसारखा फुगवटा) असतोच, म्हणजे ती कुणाला न चिकटताही पोलराइज्ड दिसते, तेव्हा एकट्या पेशी पण मोजा, आणि मोजणाऱ्याला स्लाइडवरचं लेबल दिसू देऊ नका.