पोटोसीला जाताय? मग या चुका टाळा

बोलिव्हियातलं पोटोसी साधारण ४,०९० मीटरवर आहे, म्हणजे हवा विरळ. आपलं कळसूबाई १,६४६. हे आकडे शेजारी शेजारी मांडले तरी सह्याद्रीत फिरणारी मंडळी "आम्हाला काय होतंय!" म्हणतातच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सखल भागातून थेट वर जाणं. आमच्या गटातला एक पंचविशीतला ट्रेकर बोलिव्हियातल्याच सांताक्रूझहून, म्हणजे जेमतेम ४०० मीटरवरून, बस बदलत एका दमात आला. एक दिवस वाचवायचा होता. आल्या आल्या सॅक घेऊन हॉटेलचे तीन जिने धावत चढला. सॅकमधलं चिवड्याचं बंद पाकीट उशीसारखं टम्म फुगलेलं. दुपारी डोकं ठणकायला लागलं, संध्याकाळी उलट्या, आणि रात्री पलंगावर बसल्या बसल्या धाप. उजाडायची वाट न बघता टॅक्सी करून त्याला सुक्रेला, २,८०० मीटरवर उतरवलं. दुपारी त्याने स्वतःहून सूप मागितलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. उंचीच्या त्रासावरची गोळी घेतली की झालं, असं समजू नका. बसल्या जागी धाप लागली तर खाली उतरणं हाच उपाय. मी सुक्रेत तीन रात्री काढते आणि पोटोसीतला पहिला दिवस नुसती चौकात बसते. ज्यांना एवढाही धीर नाही, त्यांनी इथे येऊच नये.

दुसरी चूक मला जास्त लागते. सेर्रो रिको, म्हणजे पोटोसीचा चांदीच्या खाणींचा डोंगर, हे म्युझियम नाही. १५४५ पासून हा डोंगर खोदला जातोय आणि आजही आत माणसं राबतात. दगडाच्या धुळीने त्यांची फुप्फुसं निकामी होतात. वाट अडवून फोटो काढू नका. गाईड ओरडला की भिंतीला चिकटा, कारण ढकलगाडी भरलेली असते, ती चटकन थांबत नाही. आत शिंगं असलेला मातीचा 'एल तिओ', म्हणजे खाणीचा राखणदार देव, बसलेला असतो. खाणकामगार त्याला कोकाची पानं, सिगारेट, दारू वाहतात. त्याच्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढणारे मी पाहिलेत. गावच्या म्हसोबासोबत कुणी असं केलं तर चालेल का आपल्याला? आणि अरुंद जागेत जीव घाबरत असेल तर आत शिरूच नका.

गावातली जुनी टांकसाळ, जिथे चांदीची नाणी पाडायचे, अर्ध्या तासात उरकू नका. खेचरांनी फिरवायची ती प्रचंड लाकडी यंत्रं निवांत बघा. स्पॅनिश अमेरिकेतल्या चांदीची रिआल नावाची नाणी पार सुरतेपर्यंत यायची आणि तिथे वितळून त्यांचे मुघल रुपये व्हायचे.

जून-जुलैत रात्री पारा शून्याखाली जातो. थर्मल न्याच.

कोकाची पानं तिथेच संपवा. भारतात ती अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात, त्यामुळे परतण्याआधी सॅकचा एकेक कप्पा उलटा करून झटका.