जेंटूत प्री-मर्ज तपासणी पास झाली, तरी बिल्ड का फसतं?

जेंटू म्हणजे सॉफ्टवेअर आपल्याच मशीनवर कंपाइल (बिल्ड) करून बसवणारं लिनक्स. त्यात पॅकेज बसवणाऱ्या इमर्ज या कमांडला 'यस' म्हटलं की स्क्रीनवर 'रनिंग प्री-मर्ज चेक्स', म्हणजे बसवण्याआधीची तपासणी, असं दिसतं. हिरवा कंदील मिळाला म्हणून मशीन रात्रभर सोडून झोपू नका, कारण ही तपासणी फक्त त्या क्षणाची असते.

सगळ्यात जास्त घात जागेचा होतो. जागा तपासणारं प्रत्येक पॅकेज फक्त आपल्यापुरती मोकळी जागा बघतं. इमर्जचे जॉब्स २ ठेवले (म्हणजे एका वेळी दोन पॅकेजं), क्रोमियम आणि लिब्रेऑफिस एकदम सुरू झाले, तर दोघांनाही तीच जागा मोकळी दिसते; काही तासांनी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. मेमरीचंही तसंच: एकूण रॅम मोजली जाते, ब्राउझरने किती खाल्ली ते नाही. म्हणून मेकऑप्ट्समध्ये (एका पॅकेजचं कंपाइल किती समांतर जॉब्समध्ये चालावं, ते ठरवणारं सेटिंग) दर जॉबला २ जीबी रॅम धरा. ८ जीबी असेल तर -जे४, म्हणजे चार जॉब्स, त्यापुढे नको.

पोर्टेजची (इमर्जमागची पॅकेज यंत्रणा) टेम्प डिरेक्टरी टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्ये, असेल, तर मोठ्या पॅकेजांसाठी पॅकेज डॉट एन्व्ह या पॅकेजनिहाय सेटिंगमधून ती डिस्कवर वळवा आणि ती डिरेक्टरी आधी तयार करून ठेवा. सुरुवात करण्यापूर्वी मोकळी जागा दाखवणारं डीएफ -एच चालवाच, सोबत आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद) दाखवणारं डीएफ -आयसुद्धा. आयनोड संपलेत का, हे तपासणी बघत नाही.

पॅकेज कर्नलचे (लिनक्सचा गाभा) काही पर्यायही तपासतं; तपासणीत पर्यायाच्या नावाआधी टिल्ड (~) असेल तर नुसता इशारा मिळतो, बिल्ड थांबत नाही. तो लॉगमध्ये वाचा.

फाइल कोलिजन (त्याच जागी त्याच नावाची फाइल आधीच असणं) मात्र कंपाइल पूर्ण झाल्यावरच, मर्जच्या (फाइली सिस्टिमवर टाकण्याच्या) तोंडाशी कळतं. म्हणून इमर्जशिवाय हाताने 'मेक इन्स्टॉल' करून /यूएसआरमध्ये टाकलेल्या फाइली आधीच काढून टाका.