ब्लोअर ओढ्यावर धुऊ नका

पावसाळा लागला की तासगाव, मिरज, पलूसच्या द्राक्षबागांत केवडा आणि करपा या बुरशीच्या रोगांसाठी बोर्डोच्या, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाच्या, फवारण्या सुरू होतात. फवारणी जरूर करा. प्रश्न आहे तो नंतर ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, कुठे धुता याचा.

एक किलो मोरचुदात (कॉपर सल्फेट) सुमारे २५० ग्रॅम तांबं असतं. १ टक्क्याच्या बोर्डोची ६०० लिटरची टाकी म्हणजे दीड किलो तांबं. तळाला वीस लिटर जरी उरलं, तरी ५० ग्रॅम ओढ्यात गेलं. कीटकनाशक कधी ना कधी विघटित होतं. तांबं होत नाही. ते गाळाला चिकटून बसतं.

त्याच गाळात अर्धा रुतून शिंपला बसलेला असतो. एका नळीने पाणी आत ओढतो, कल्ल्यांवरच्या चिकट थरात बारीक कण अडकवतो, ते तोंडाकडे सरकवतो आणि दुसऱ्या नळीने पाणी सोडतो. दिवसभर हेच. पाण्यात विरघळलेला धातू कल्ल्यांतून शिरतो, गाळाला चिकटलेला पोटातून. आत गेलेला धातू प्रथिनांना बांधला जातो. कॅडमियमसारखा विषारी धातू तर बाहेर पडायला फार काळ लागतो. समुद्राकडच्या तिसऱ्या (खाण्याचे छोटे शिंपले) आणि कालवांचंही असंच होतं, म्हणून घाण खाडीतला माल धोक्याचा. तांबं जास्त झालं तर शिंपला मिटून राहतो आणि शेवटी मरतो.

शिंपले रात्रभर स्वच्छ पाण्यात ठेवले की वाळू सुटते, उकळले की जंतू मरतात. धातू दोन्हींनी जात नाही. म्हणून बागांच्या खालच्या ओढ्यातले, तसंच सांगलीत शेरीनाल्यासारखं सांडपाणी कृष्णेला मिळतं त्याच्या खालचे शिंपले खाऊ नका. मुलांना तर देऊच नका.

मिश्रण लागेल तेवढंच करा. त्यात विळ्याचं पातं थोडा वेळ बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, मोकळं तांबं शिल्लक आहे. ते पानंही जाळतं आणि पाण्यातही लवकर उतरतं. आभाळ भरलेलं असताना फवारू नका, धुऊन सगळं खालीच येणार.

टाकी बागेतच विसळा आणि ते पाणी ओळींवर फवारून टाका, दर वेळी वेगळ्या ओळींवर. एकाच जागी तांबं साठलं तर गांडुळं जातात. ओढ्याकडेचं गवत तणनाशकाने जाळू नका, वाहून येणारी माती तेच अडवतं. ओढ्याला लागून असलेल्या शेवटच्या दोन ओळी ब्लोअरने न करता हातपंपाने, वारा बघून फवारा.