जीटरचे 6 एरर: फिल्डिंगचे आकडे वाचताना या चुका टाळा

2010 च्या बेसबॉल हंगामात न्यू यॉर्क यांकीजच्या डेरेक जीटरने शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी, उभं राहून वर्षभरात फक्त 6 एरर (फिल्डिंगच्या चुका) केले. फिल्डिंग पर्सेंटेज .989, लीगच्या सरासरीपेक्षा बरंच वर. उत्तम फिल्डिंगचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कारही पाचव्यांदा मिळाला. तरीही आकडेवारीत रमणारी मंडळी तेव्हा वैतागली होती, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं.

फिल्डिंग पर्सेंटेज काढायचं म्हणजे पुटआउट (स्वतः बाद करणं) आणि असिस्ट (चेंडू फेकून दुसऱ्याला बाद करायला मदत करणं) यांची बेरीज घ्यायची आणि तिला त्याच बेरजेत एरर मिळवून भागायचं. गोम अशी की ज्या चेंडूपर्यंत खेळाडू पोचलाच नाही, तो चेंडू या हिशेबात कुठेच नाही. ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू) बाजूने सुटला तर बॅटरच्या नावावर हिट लागतो, फिल्डरची पाटी कोरीच. गल्लीत क्रिकेट खेळलेल्या कुणालाही हे समजवावं लागत नाही: जो कॅचखाली जातच नाही, त्याच्या हातून कॅच सुटत नाही. शिवाय एरर द्यायचा की हिट, हे अधिकृत स्कोअरर ठरवतो. म्हणजे तो मोजलेला आकडा नाही, माणसाचं मत आहे.

म्हणून शेजारी रेंज फॅक्टर ठेवा. बेसबॉलच्या आकडेवारीवर लिहिणाऱ्या बिल जेम्सने रूढ केलेलं हे माप नऊ इनिंग्जमागे किती पुटआउट आणि असिस्ट झाले ते सांगतं. जीटर इथे घसरतो, लीगच्या सरासरीच्याही खाली.

पण इथेच दुसरा खड्डा आहे. 1980 मध्ये सॅन दिएगो पाद्रेजच्या ऑझी स्मिथने 621 असिस्ट केले, शॉर्टस्टॉपचा एका हंगामातला तो आजही विक्रम आहे. तो आकडा जीटरच्या 2010 च्या आकड्याला थेट भिडवायचा मोह होतोच. भिडवू नका. 1980 मध्ये एका संघाचे सामन्याला जेमतेम पाच बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) होत, 2010 मध्ये सात. स्ट्राइकआउट वाढले की फिल्डरकडे येणारे चेंडूच घटतात. ऑझी खरोखर थोर होता, पण ते 1980 च्या लीगशी ताडूनच म्हणायचं.

सरासरी नेमकी कुणाची, हाही प्रश्न असतो. माझ्या पहिल्या एक्सेल शीटमध्ये मी सगळ्यांसमोर अख्ख्या लीगचं सरासरी फिल्डिंग पर्सेंटेज .984 टाकलं होतं. निकाल असा, की झाडून सगळे फर्स्ट बेसमन देवमाणूस आणि थर्ड बेसमन बिचारे नालायक! फर्स्ट बेसला सरासरीच .994 च्या आसपास असते, शॉर्टस्टॉपला .972 च्या जवळपास आणि थर्ड बेसला .960 च्याही खाली जाते. कॅचरचा (बॅटरच्या मागे बसणाऱ्या फिल्डरचा) आकडा तर फुगलेलाच, कारण स्ट्राइकआउटचा पुटआउट त्याच्या खात्यावर पडतो. तुमच्याही शीटमध्ये एखादी पोझिशन सरसकट चमकत असेल तर आधी सरासरीचा कॉलम तपासा. खेळाडू दोन जागी खेळला असेल तर दोन्ही सरासरींना वजन द्या: रेंज फॅक्टरला इनिंग्जचं, पर्सेंटेजला चान्सचं (पुटआउट, असिस्ट आणि एररची बेरीज). नुसती दोघांची मधली संख्या काढणं चूक.

रेंज फॅक्टर अचानक पडलेला दिसला तर खेळाडूला दोष देण्याआधी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, बघा. हवेत चेंडू उडवायला लावणारे पिचर असतील तर इनफिल्डरकडे (बेसजवळच्या फिल्डरकडे) काम कमीच येणार. बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डावीकडे 37 फुटांची भिंत आहे. इतर मैदानांत सहज झेलला गेला असता असा चेंडू तिथे भिंतीवर आदळतो, आणि लेफ्ट फिल्डरचा आकडा उगाच खाली येतो.

डीआरएस (डिफेन्सिव्ह रन्स सेव्ह्ड, क्रिकेटमधलं नव्हे) किंवा आउट्स अबव्ह अ‍ॅव्हरेज ही मापं वापरलीत तर यातली बरीच डोकेदुखी टळते, कारण तिथे प्रत्येक चेंडू किती अवघड होता ते आधीच धरलेलं असतं. त्यात शून्य म्हणजे सरासरी. शून्य बघून 'काहीच केलं नाही' म्हणणारे लोक मला भेटले आहेत! आउट्स अबव्ह अ‍ॅव्हरेज आउट मोजतं आणि डीआरएस धावा, तेव्हा दोन्हींची बेरीज-वजाबाकी करू नका. एकाच खेळाडूला एकीकडे +6 आणि दुसरीकडे -2 दिसलं तरी शीट बिघडलेली नसते. एका हंगामाचा नमुनाच तेवढा तोकडा असतो. सलग तीन हंगाम धरा, मग बोला.