नकाशा उघडला, पण मुंबई गेली कुठे? क्यूजीआयएस शिकताना या चुका टाळा

मुंबईत नकाशा करायची गरज आता फक्त भूगोलाच्या विद्यार्थ्यांना पडत नाही. वॉर्डातल्या कचऱ्याच्या जागा नोंदवणाऱ्या संस्था, पाणी तुंबण्याची ठिकाणं मांडणारे पत्रकार, पुनर्विकासाचे प्लॅन तपासणारे सोसायटीचे सेक्रेटरी, सगळेच कधी ना कधी क्यूजीआयएस उघडतात. २००२ साली सुरू झालेलं हे नकाशे करण्याचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. डाउनलोड करताना दोन आवृत्त्या दिसतील, त्यातली 'एलटीआर', म्हणजे जास्त काळ सांभाळली जाणारी स्थिर आवृत्ती, घ्या. नवी सोय थोडी उशिरा मिळते, पण काम मध्येच अडत नाही.

सॉफ्टवेअर शिकायला फारसा वेळ लागत नाही. घोळ होतो तो डेटात. चुकीच्या डेटाचा नकाशाही बरोबर नकाशाइतकाच छान दिसतो आणि सॉफ्टवेअर बहुतेक वेळा त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. तसा नकाशा पुढे अहवालात जातो आणि त्यावर निर्णय होतात. म्हणून एरर आली तर बरंच समजा, निदान कळतं तरी. खाली लिहिलेल्या बऱ्याच चुका एरर न देणाऱ्या आहेत.

एकच फाइल पाठवली

"शेपफाइल पाठवली आहे, बघ" असा मेसेज येतो आणि सोबत फक्त .एसएचपी असते. ती एकटी उपयोगाची नाही. शेपफाइल म्हणजे नकाशाचा डेटा ठेवणाऱ्या, एकाच नावाच्या अनेक फाइल्सचा संच. .एसएचपीमध्ये आकार असतात, .एसएचएक्समध्ये त्यांची अनुक्रमणिका, .डीबीएफमध्ये तक्ता. या तिन्ही हव्यातच. .पीआरजे नसेल तर आकडे कोणत्या पद्धतीतले आहेत ते कळत नाही आणि .सीपीजी नसेल तर मराठी अक्षरं बिघडू शकतात. सगळा संच झिप करून पाठवा. नाव बदलायचं असेल तर सगळ्यांचं एकदम बदला.

त्यापेक्षा नवं काम सरळ जिओपॅकेजमध्ये करा. २०१४ पासून हे खुलं मानक आहे. एकाच .जीपीकेजी फाइलमध्ये हवे तितके लेअर, म्हणजे नकाशाचे थर, राहतात, शेपफाइलची दोन जीबीची मर्यादा आड येत नाही आणि फाइल एकच असल्यामुळे काही मागे राहून जात नाही. फक्त क्यूजीआयएसमध्ये उघडी असताना ती कॉपी करू नका. त्या वेळी तिच्या शेजारी .जीपीकेजी-वॉल नावाची फाइल दिसते आणि ताजे बदल कधी कधी तिच्यातच असतात. आधी प्रोजेक्ट बंद करा, मग कॉपी करा.

अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल

मुंबई साधारण १९ उत्तर अक्षांश आणि ७२.८ पूर्व रेखांशावर आहे. फोनवरच्या नकाशातून जागा कॉपी केली की अक्षांश आधी येतो. जिओजेसन आणि केएमएल या फाइल-प्रकारांत मात्र रेखांश आधी लिहितात. सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची फाइल, लोड करताना एक्सच्या रकान्यात रेखांश आणि वायच्या रकान्यात अक्षांश जायला हवा. उलट झालं तर तुमचं दादर नॉर्वेच्या उत्तरेला थंडगार समुद्रात जाऊन पडतं. बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात दिसत असतील तर रकान्यांत शून्य आहे.

ही चूक निदान दिसते तरी. लपून राहते ती अंश-मिनिट-सेकंदांची. जुन्या नोंदीत १९ अंश ४ मिनिटं ३० सेकंद लिहिलेलं असतं आणि टाइप करणारा १९.०४३० लिहितो. खरा आकडा १९.०७५. फरक साडेतीन किलोमीटरचा. कुर्ल्याकडचा बिंदू शीव-धारावीच्या बाजूला सरकतो आणि नकाशावर तो तिथलाच वाटतो. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून बेरीज करा. एक्सेलमध्ये त्याचं सूत्र एकदाच लिहून ठेवा.

सीआरएसचा घोळ

इथे थोडा वेळ द्या, कारण निम्म्या अडचणींचं मूळ इथेच असतं. सीआरएस म्हणजे फाइलमधले आकडे कोणत्या मापपद्धतीतले आहेत याची खूण. मुंबईच्या कामात तीन खुणा सतत भेटतात. ईपीएसजी:४३२६ म्हणजे जीपीएसचे अंश. ईपीएसजी:३२६४३ म्हणजे यूटीएम या पृथ्वीचे पट्टे पाडणाऱ्या पद्धतीचा झोन ४३ उत्तर, मापं मीटरमध्ये. ईपीएसजी:३८५७ म्हणजे वेबवरचे बेसमॅप, म्हणजे मागे दिसणारे तयार नकाशे, ज्यात असतात ती पद्धत.

लेअरवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि इन्फर्मेशनमध्ये 'एक्स्टेंट', म्हणजे लेअरची चारी बाजूंची हद्द, वाचा. आकडे ७२ आणि १९ च्या आसपास असतील तर अंश आहेत. पावणेतीन लाख आणि एकवीस लाखांच्या आसपास असतील तर यूटीएम. पहिला आकडा ८१ लाखांच्या घरात असेल तर ३८५७. ही नजर एकदा बसली की सीआरएस न लिहिलेली फाइलही ओळखता येते.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. अंशातला लेअर आहे आणि मीटर हवे आहेत, म्हणून 'सेट लेअर सीआरएस'मध्ये ३२६४३ निवडलं जातं. त्याने आकडे बदलत नाहीत, फक्त खूण बदलते. ७२.८५ आणि १९.०७ हे आता मीटर समजले जातात आणि अख्खी मुंबई मालदीवच्या पश्चिमेला विषुववृत्तावर हातभर जागेत गोळा होते. आकडे खरोखर बदलायचे तर प्रोसेसिंग टूलबॉक्समधलं 'रिप्रोजेक्ट लेअर' वापरा किंवा लेअर एक्स्पोर्ट करताना नवा सीआरएस निवडा. 'सेट' फक्त तेव्हाच, जेव्हा फाइलवरची खूण चुकीची आहे किंवा मुळातच नाही.

मोजमाप यावरच अवलंबून असतं. ३८५७ मध्ये मुंबईच्या अक्षांशावर एक किलोमीटर साधारण १,०५८ मीटर भरतो आणि एक हेक्टरचा भूखंड १.१२ हेक्टर होतो. बारा टक्के जास्त क्षेत्रफळ, तेही या शहरात! फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये डॉलरचं चिन्ह असलेलं एरिया वापरलं तर प्रोजेक्टमध्ये ठरवलेला एलिप्सॉइड, म्हणजे पृथ्वीचा गोलसर आकार, धरून हिशेब होतो. कंसात जॉमेट्री टाकून वापरायचं साधं एरिया मात्र लेअरचे आकडे जसेच्या तसे धरतं. अंशातल्या लेअरवर त्याचं उत्तर चौरस अंशात येतं आणि त्याला काही अर्थ नसतो.

बफरचंही तेच. स्टेशनभोवती ५०० मीटरचं वर्तुळ हवं आणि लेअर अंशात असेल तर ५०० म्हणजे ५०० अंश. काही जण यावर ०.००४५ टाकतात. स्क्रीनवर वर्तुळ गोल दिसतं, पण जमिनीवर ते उत्तर-दक्षिण ५०० मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ४७५ मीटर असतं. आधी लेअर ३२६४३ मध्ये रिप्रोजेक्ट करा, मग ५०० टाका.

मराठी नावं गेली

वस्तीचं नाव 'à¤' सारख्या खुणांनी भरलेलं दिसलं तर घाबरू नका, अक्षरं शाबूत आहेत. लेअर प्रॉपर्टीजच्या सोर्समध्ये एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ करा. पण नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असतील तर ती माहिती त्या फाइलमधून गेलेली आहे, मूळ फाइल शोधा. बहुधा एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत सेव्ह करताना हे झालेलं असतं. तिथे 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडा.

शेपफाइलच्या तक्त्यात रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना-मात्राही वेगळी मोजली जाते. म्हणजे 'लोकसंख्या' लिहिलंत तर 'लोक' एवढंच उरतं. मजकुराच्या रकान्याची मर्यादा २५४, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८४ चिन्हं. मराठीत काम करणाऱ्याने शेपफाइल सोडायला एवढं एकच कारण पुरेसं आहे.

एक्सेलने सर्व्हे नंबरची तारीख केली

सिटी सर्व्हे नंबर ५/१२ लिहिला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. शंभर ओळींत अशा चार-पाच असतात आणि जॉइन केल्यावर, म्हणजे तो तक्ता नकाशाला जोडल्यावर, तेवढेच भूखंड रिकामे राहतात. डेटा भरण्याआधी तो रकाना 'टेक्स्ट' करा. नंतर करून मूळ नंबर परत येत नाही.

जॉइन न होण्याचं दुसरं कारण म्हणजे वॉर्डाचं नाव. एका तक्त्यात 'जी/एन', दुसऱ्यात 'जी नॉर्थ', तिसऱ्यात 'जी उत्तर'. माणसाला एकच वॉर्ड, सॉफ्टवेअरला तीन. शेवटी राहिलेली एक स्पेससुद्धा पुरते. एकच कोड ठरवा आणि दोन्ही तक्त्यांत तो तसाच ठेवा. शिवाय प्रशासकीय वॉर्ड आणि निवडणुकीचे २२७ प्रभाग यांची गल्लत करू नका. दोन्हींच्या हद्दी वेगळ्या आहेत.

पावसाचे नकाशे

दर पावसाळ्यात मोफत उंचीच्या डेटावरून पाणी कुठे तुंबेल याचे नकाशे फिरतात. त्यांचा आधार बहुतेकदा एसआरटीएम असतो, म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने घेतलेली मोजणी. तिचा एक चौकोन सुमारे ३० मीटरचा. त्यात नाला वेगळा दिसत नाही. शिवाय रडारला जमीन नव्हे तर पृष्ठभाग दिसतो. धारावीची छपरं आणि परळच्या इमारती उंचवटा म्हणून येतात. या मोहिमेने उभ्या अचूकतेचं ठेवलेलं लक्ष्यच १६ मीटर होतं आणि आपल्याकडे सखल भागात एका मीटरच्या फरकाने घरात पाणी येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवसाचं पाणी समजून घ्यायला हा डेटा अपुरा आहे. डोंगर आणि मोठी पाणलोट क्षेत्रं दाखवायला तो चालतो. गल्लीच्या पातळीवर तो वापरून लोकांना "तुमची इमारत सुरक्षित आहे" असं कृपा करून सांगू नका.

प्रोजेक्ट फाइलमध्ये डेटा नसतो

.क्यूजीझेड फाइल फक्त लेअर कुठे ठेवलेत, कोणते रंग दिलेत, एवढं लक्षात ठेवते. ती एकटी पेनड्राइव्हवर नेली तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर 'हँडल अनअव्हेलेबल लेअर्स'ची खिडकी उघडते. प्रोजेक्ट आणि डेटा पहिल्यापासून एकाच फोल्डरमध्ये ठेवा, प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये पाथ 'रिलेटिव्ह' असल्याची खात्री करा आणि अख्खा फोल्डर उचला. लेअर चार ठिकाणी विखुरलेले असतील तर टूलबॉक्समधलं 'पॅकेज लेअर्स' ते सगळे एका जिओपॅकेजमध्ये आणतं. लेअरच्या नावापुढे छोटी चिप दिसत असेल तर तो अजून फक्त मेमरीत आहे. क्यूजीआयएस बंद करण्याआधी त्या चिपवर क्लिक करून तो सेव्ह करा.